शकुनची ओली अक्षरं

अकोल्यात मोर्णेच्या काठी फुलांचा मळा करणाऱ्या गोवर्धनची बायको शकुन हिला मराठीतला 'अ' ओळखता येत नव्हता, पण जपानी वाचता येत होतं. ऐकणारा आधी हसायचा. मग ती ते कसं शिकली आणि शिकल्यावर तिला काय वाचावं लागलं हे कळलं, की त्याचं हसू तिथल्या तिथे विझायचं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. हंगामात अकोल्याच्या कापूस बाजारात गाड्यांची रांग वेशीपर्यंत जायची आणि कापूस घ्यायला कुठकुठचे लोक यायचे. त्यांत एक जपानी साहेब होता, मोरीता नावाचा. ठेंगणा, अबोल, बाजारापुरतं हिंदी बोलणारा. स्टेशनापलीकडे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांची, म्हणजे कारखान्यांची, रांग संपते तिथे त्याने एक कौलारू बंगला घेतला आणि एका दिवाळीनंतर आपल्या बायकोला आणलं.

शकुन सकाळी राजेश्वराच्या देवळापुढे फुलं विकायची आणि टोपलीत उरलेली घेऊन बंगल्यांकडे वळायची. पहिल्यांदा ती या बंगल्यावर गेली तेव्हा टोपलीत पिवळी शेवंती होती. जपानी बाई धावतच बाहेर आली. तिने एक फूल उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "किकु."

"शेवंती," शकुन म्हणाली.

बाईने मान हलवली. फुलाकडे बोट केलं, "किकु." मग स्वतःकडे बोट केलं, "किकु."

"आता गं माय! तुमचं नाव शेवंता हाय म्हना की!" शकुन खळखळून हसली. त्या दिवसापासून ती तिला शेवंताबाईच म्हणू लागली आणि बाईही त्या हाकेला ओ देऊ लागली.

शेवंताबाई दिवसभर एकटी असायची. साहेब बाजारात, स्वयंपाकी परका, शेजारी जिनाच्या भिंती. आणि पोटात मूल. शकुन आली की ती तिला लवकर उठू द्यायची नाही. एकदा शकुन व्हरांड्यात पाणी प्यायला बसली असताना बाईने तांब्यात बोट बुडवलं आणि काळ्या फरशीवर दोन खुणा काढल्या. एकीवर बोट ठेवून म्हणाली, "कि." दुसरीवर, "कु." मग हात छातीवर. बाईने आपलं नाव फरशीवर ठेवलं हे शकुनला उमगलं, आणि उमगतंय तोच ते तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेलं.

पुढे रोजच असं चाललं. दोघी शेजारी शेजारी बसायच्या. बाई पाण्याने अक्षर काढायची आणि ते वाळायच्या आत शकुनने ते म्हणायचं. थंडीत अक्षर जरा वेळ टिके. ऊन चढू लागलं तसं ते झपाझप जाऊ लागलं आणि शकुनची जीभही चपळ झाली. काही अक्षरं तिला लगेच आवडली. एक गोगलगाईसारखं आत वळलेलं, त्याला 'नो' म्हणायचं. एकात दोन रेघा वर-खाली, समोरासमोर गप्पा मारत बसलेल्या बायांसारख्या, तो 'को'. 'ते' काढून त्याच्या खांद्याशी पाण्याचे दोन थेंब दिले, की त्याचा 'दे' व्हायचा.

उच्चाराच्या बाबतीत मात्र बाई कडक होती. 'फू' म्हणताना दात ओठाला लावायचे नाहीत, चुलीत फुंकर घालतो तशी नुसती हवा सोडायची. 'चू' चुलीतलाच, तो शकुनला सोपा गेला. 'रा' मात्र काही केल्या जमेना. ती 'रा' म्हणे, बाई मान हलवी. 'ला' म्हणे, तरी बाई मान हलवी. जीभ टाळूला लागली न लागली तोच सोडून दिली तेव्हा कुठे बाईने टाळी वाजवली. प्रत्येक आवाजाला बाई गुडघ्यावर एक थाप देई. कुठलाही आवाज लांबवायचा नाही, आणि नुसत्या 'न्'लासुद्धा त्याची स्वतःची थाप.

शकुनचा घोळ व्हायचा तो 'सा' आणि 'चि'मध्ये. दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं. 'सा'चं पोट डावीकडे, 'चि'चं उजवीकडे. ती चुकली की बाई हसायची आणि तेच अक्षर पुन्हा काढायची, बोट दाबून, जाड रेघेत. धडा संपला की ती ओला तळवा सगळ्या फरशीवरून फिरवायची. म्हणजे आजचं पुरे, घरी जा.

एक अक्षर तिने कधी वाळू दिलं नाही. मासे धरायच्या गळासारखी नुसती एक वाकडी रेघ होती. ती काढून बाईने "शि" म्हटलं, तेही ओठांतल्या ओठांत, आणि लगेच हाताने पुसलं. शकुनने खुणेने विचारलं, काहून? बाईने डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि तशीच निश्चल राहिली. शकुनला कळलं, त्यांच्या बोलीत तो आवाज मरणाचा होता. शकुनने ते अक्षर लक्षात ठेवलं, पण तोंडाने पुन्हा म्हटलं नाही.

होळीच्या सुमारास शेवंताबाई बाळंत झाली. मुलगी झाली. शकुनने तिला एकदाच पाहिलं, फडक्यात गुंडाळलेलं काळ्याभोर केसांचं लेकरू. आठवडा भरायच्या आत ते गेलं. बंगल्याच्या आवारात कवठाच्या झाडाखाली साहेबाने त्याला पुरलं. बाईला ताप चढत गेला, तेव्हा तिला मोटारीत घालून अमरावतीला डॉक्टरणीकडे नेलं. तिथून ती परत आली नाही. अमरावतीलाच तिला अग्नी दिला. साहेबाने बंगल्याला कुलूप लावलं आणि तो बाजाराजवळच्या एका खोलीत राहू लागला. बंगल्याकडे तो फिरकलासुद्धा नाही.

शकुन मात्र जात राहिली. देवळापुढची विक्री आटोपली की घरी परतताना ती आवारात शिरायची आणि टोपलीतली दोन फुलं कवठाखाली ठेवायची. त्या लेकराचं आणखी कोण होतं तिथे?

वैशाख लागला. भर दुपारची वेळ. जिनं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. फुलं ठेवून शकुन वळली आणि तिची नजर व्हरांड्याकडे गेली. फरशीवर ओल होती.

तिला वाटलं, रखवालदाराने पाणी सांडलं असेल. पण बंगल्याला रखवालदार नव्हता. आवारातली विहीर तळाला गेली होती, तिच्यात दोर सोडला तर नुसता गाळ यायचा. ती दोन पायऱ्या चढली. ओल सांडल्यासारखी नव्हती. वर एक रेघ, खाली एक रेघ. समोरासमोर बसलेल्या दोन बाया.

वाळायच्या आत म्हणायचं, ही सवय जिभेला इतकी लागली होती, की भीती वाटायच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेलं, "को."

अक्षर वाळलं. शकुन टोपली तिथेच टाकून पळत सुटली.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं, पण टोपली राहिली होती. ती गेली. फरशीवर गोगलगाय होती. "नो," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी गाठ मारल्यासारखं एक अक्षर, 'ना'. रोज एकच. उन्हाने फरशी इतकी तापायची की अनवाणी पाय ठेववत नसे, आणि त्या तापलेल्या फरशीवर ते ओलं अक्षर, कुणीतरी आत्ताच बोट उचलल्यासारखं. ते ती आवारात येईपर्यंत थांबायचं आणि तिने म्हटलं की जायचं.

पायरी चढताना रोज तिच्या मनात यायचं, तो गळ असला तर? 'शि' असलं तर तोंडाने म्हणायचं की नाही? रोज आपण काहीतरी बोलतोय आणि कुणीतरी ते ऐकतंय हे तिला कळत होतं. काय बोलतोय हे मात्र कळत नव्हतं. वाचायला ती शिकली होती. अर्थ शिकायचा राहून गेला होता.

मग ते आवाज तिच्या तोंडातच बसले. फुलं ओवताना, भाकरी थापताना ती पुटपुटायची. सासू गंगूबाईच्या ते कानावर आलं.

"काय वं, काय म्हनून राहिली तू?"

"काही नाई, आत्याबाई."

"काही नाई कसं? दोन-चार दिवसांपासून आयकून राहिली मी. डोये पाह्य आपले, कुठी लागले हायेत थे!"

शेवटी शकुन रडत रडत सगळं बोलली. गंगूबाईचा चेहरा पांढरा पडला. "सटवाई लेकराच्या कपायावर लिवते," ती हळूच म्हणाली, "थे आजपावतर कोनी वाचलं नाई. वाचू बी नाई. आन तू वाचून राहिली? उद्यापासून तठी पाय ठेवायचा नाई. मी भगताले बोलावतो."

गोवर्धन इतका वेळ दाराशी विडी ओढत बसला होता. तो शांत माणूस होता. त्याने विचारलं, "कोनच्या बोलीत हाय थे?"

"बाईच्या."

"मंग भगताले त्यातलं काय समजन? ज्याची बोली त्याले इचारू." आणि विडी विझवून म्हणाला, "अर्धं बोलनं आयकून सोडू नोये. पुरं होऊ दे."

तीन अक्षरं आणखी आली. त्यांतलं एक नुसतं 'न्' होतं, ते तिने एका थापेइतकं म्हटलं. त्यानंतरच्या दिवशी 'ते' आलं आणि त्याच्या खांद्याशी दोन थेंब. "दे," शकुन म्हणाली. पुढच्या दुपारी फरशी कोरडी होती. बोलणं पुरं झालं होतं.

गोवर्धन तिला घेऊन कापूस बाजारात गेला. हंगाम सरत आला होता. साहेब एका गाडीशी उभा राहून कापसाचा पुंजका बोटांनी ओढून धागा किती लांब येतो ते पाहत होता. शकुनला पाहून त्याने फक्त मान लववली. ती चारचौघांत काय बोलणार? तिने पदर तोंडाशी धरला, मांडीवर बोटाने थापा दिल्या आणि एकेक आवाज तोलून म्हणाली, "को, नो, ना, ओ, यो, न्, दे."

साहेबाच्या बोटांतला कापूस सुटला. मग त्याने स्वतःच ते जोडून म्हटलं, एका दमात, आणि शकुनला ते पहिल्यांदा बोलण्यासारखं ऐकू आलं.

"कौन बोला?" त्याने विचारलं.

"बंगलेपर... फरसीपर लिखा आता," गोवर्धनने सांगितलं. "इसको बाईसायेबने सिखाया था."

"मतलब क्या है, सायेब?" शकुनने विचारलं.

साहेबाने खाली पडलेला पुंजका उचलला. मग म्हणाला, "बच्चे का नाम पुकारो."

त्याच्या मोडक्या हिंदीतून जे कळलं ते असं. त्यांच्याकडे मूल जन्मल्यावर सातव्या रात्री नाव ठेवतात. बाईने नाव मनात धरून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, आत्ता सांगू नकोस, सातव्या रात्री सांग. मूल त्याच्या आधीच गेलं. मग बाईला ताप चढला, तिची शुद्ध येत-जात होती. अमरावतीच्या वाटेवर ती काहीतरी सांगू पाहत होती, तो तिला गप्प पडून राहा म्हणत होता.

"मेरे को नाम मालूम नहीं," साहेब म्हणाला. "क्या पुकारूँ?"

त्याच दुपारी तिघं बंगल्यावर गेले. साहेबाने कितीतरी दिवसांनी फाटक उघडलं. कवठाखालची सुकलेली फुलं पाहून त्याने शकुनकडे पाहिलं. व्हरांड्यात तो फरशीजवळ गुडघे टेकून बसला. गोवर्धन खांबाशी उभा राहिला, शकुन नेहमीच्या जागी बसली. फरशी कोरडी ठणठणीत होती. कवठावर होल्यांचं घुमणं चाललं होतं ते मध्येच थांबलं.

साहेब फरशीकडे तोंड करून आपल्या बोलीत काही म्हणाला. एकच वाक्य, विचारल्यासारखं.

फरशीवर ओल उमटली. एकदम नाही, रेघ ओढली जावी तशी, डावीकडून उजवीकडे आणि मग खाली. गोवर्धनने ती पाहिली. पुढे आयुष्यभर कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, "अक्षर-बिक्षर मले समजत नाई, पन ओल होती. म्या पाह्यली."

साहेब वाकला, पण डोळ्यांत पाणी दाटल्याने त्याला काही दिसेना. "पढो," तो म्हणाला, "जल्दी पढो!"

शकुनने पाहिलं. पोट कुठल्या बाजूला? तिची नजर पडेपर्यंत रेघ अर्धी विरली होती. "सा," ती म्हणाली. लगेच दुसरं उमटलं, ते तिला पक्कं माहीत होतं. "यो."

"सायो," साहेब पुटपुटला. त्याच्या बोलीत ते नाव होत असावं, कारण त्याचा चेहरा उजळला. तो उठला, कवठाकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "सायो!"

काहीच झालं नाही. उलट असं वाटलं, की आवारातली हवा जड झाली. शकुनच्या मानेवर गार शहारा आला, त्या आगीसारख्या उन्हात. जवळच कुणीतरी श्वास रोखून धरला होता. तिने खाली पाहिलं. पहिलं अक्षर पुन्हा निघत होतं. या वेळी रेघ जाड होती, बोट दाबून काढल्यासारखी. सावकाश, चुकलेल्या पोरीला पुन्हा दाखवावी तशी. रेघ खाली आली, आणि तिचं पोट उजवीकडे वळलं.

शकुनच्या घशातून हुंदका फुटला. "चुकली मी, शेवंताबाई, चुकली! सायेब, 'चि' हाय थे. चि. चि-यो!"

साहेबाने ते नाव आधी स्वतःशी म्हटलं. मग तो कवठापाशी गेला, मातीवर दोन्ही हात टेकले आणि हाक मारली. "चियो!" पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला आणि तो तिथेच बसून रडला. अमरावतीला बायकोला अग्नी देताना हा माणूस रडला नव्हता, असं बाजारात सगळे म्हणत.

गोवर्धन त्याला सावरायला गेला, व्हरांड्यात शकुन एकटीच उरली. तिच्या समोर काळी फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली झाली, कुणी ओला तळवा सगळीकडून फिरवावा तशी. मातीचा वास आला. मग ती वाळली.

साहेबाने कवठाखाली एक दगड बसवला आणि त्यावर ती दोन अक्षरं कोरून घेतली. पाथरवटाला ती नीट जमतात की नाही हे पाहायला त्याने शकुनलाच बोलावलं. पावसाळ्यानंतर तो आपल्या मुलखात निघून गेला. बंगल्यात दुसरं कुणी राहायला आलं. शकुन नंतरही दगडाशी फुलं ठेवायला जात असे, पण व्हरांड्याकडे ती पाहत नसे. फरशी पुन्हा ओली झाली की नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

काही वर्षांनी मोर्णेला मोठा पूर आला आणि मळ्याची माती खरवडून नेली. गोवर्धन बायकोला आणि आईला घेऊन वरूडला संत्र्याच्या बागेत कामाला गेला. तिथे सत्यवतीबाई नावाच्या एक वकिलीणबाई दुपारी बायकांना अक्षरओळख शिकवत. शकुनची समज पाहून त्यांनी तिला फार आग्रह केला. शकुन एक दिवस गेली, पाटीवरच्या अक्षरांकडे पाहत बसली आणि उठून आली. दुसऱ्या दिवशी सत्यवतीबाई घरी आल्या.

"अगं, तुला दोन महिन्यांत वाचता येईल."

"थेच तर भेव हाय, बाई," शकुन म्हणाली. "एकदा वाचता आलं का मंग काय वाचा लागन आन कोन वाचाले लावन, थे आपल्या हाती रायत नाई."

सत्यवतीबाईंना ते बोलणं समजलं नाही. त्या आणखी दोनदा येऊन गेल्या, मग आल्या नाहीत.

शकुनला लेकरू उशिरा झालं, वरूडला आल्यावर. संत्र्याच्या मृग बहराची तोड चालली होती. सुईण तानुबाई होती, सोबत म्हातारी गंगूबाई. मुलगी झाली. नाळ कापायला तानुबाईने हात पुढे केला, तेवढ्यात शकुन कोपरावर उठली आणि बाजेवरून मोठ्याने ओरडली, "जमुना! जमुना! जमुना!"

तानुबाई दचकली. "काय झालं वं? कोनाले बोलावून राहिली?"

"नाव हाय तिचं."

"अवं, बारसं बाराव्या दिवशी असते. आत्या कानात सांगन तवा ठेवजो नाव. आजच काहून घाई?"

गंगूबाई पुढे आली. तिने तानुबाईचा हात बाजूला केला, नातीच्या कानाशी वाकली आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जमुना." मग दार उघडून बाहेर उभ्या असलेल्या गोवर्धनला तिने सांगितलं, "तू बी म्हन. मोठ्यानं म्हन."